हातात धरून बघा, मग बोला



हा अंक जरा बाजूला ठेवा आणि घरातल्या चार वस्तू हातात घेऊन बघा. दात घासायचा ब्रश, बटाट्याची सालं काढायचं सोलाणं, वॉकरची मूठ आणि नातवंडाच्या दप्तरातलं एखादं पेन. आत कडक प्लास्टिक नाहीतर धातू, आणि जिथे बोटं टेकतात तिथे रबरासारखा मऊ थर, असं यातल्या एकदोन वस्तूंवर तरी नक्की सापडेल. आपण मुंबईत, पनवेलला, अलिबागला शाळेत जात होतो तेव्हा बॅटच्या दांड्याला रबराची ग्रिप असायची, सायकलच्या हँडलला रबरी मुठी असायच्या, आणि घरातल्या कोयत्याची मूठ सैल झाली तर तिला चिंधी गुंडाळायची. बाकी सगळं लाकूड, पितळ आणि लोखंड.

आज मी या मऊ थराबद्दल लिहिणार आहे. विशेष करून नवी वस्तू बाजारात येण्याआधी तिचा जो प्लास्टिकचा नमुना करतात, त्या नमुन्यावर हा थर कसा चढवतात आणि तो का चढवायलाच हवा, हे सांगायचं आहे. तुम्ही म्हणाल, नर्सबाईंचा या कारखानदारीशी काय संबंध? यंत्रांची माहिती मी माझ्या नातवाला प्रश्न विचारून विचारून गोळा केली. पण म्हाताऱ्या हातांची माहिती माझी स्वतःची आहे. जन्मभर वॉर्डात मी तेच हात धरले.

हात म्हातारे होतात म्हणजे काय होतं

वयाबरोबर तळहाताची कातडी कोरडी पडते. तरुण हाताला थोडा ओलावा असतो, त्यामुळे वस्तू बोटांना धरून राहते. आपल्या हातातून ती घसरते. शिवाय बोटांच्या टोकांची जाणीव कमी होते, त्यामुळे आपण वस्तू नक्की किती जोराने धरली आहे ते नीट कळत नाही. मग पडेल या भीतीने आपण ती गरजेपेक्षा जास्त आवळतो. सांधे सुजलेले असतील तर त्या आवळण्यानेच दुखतं. तेलकट हाताने काय होतं, ते तर आपल्या शनवार तेली पूर्वजांच्या लेकरांना सांगायला नको!

मऊ थर इथे दोन कामं करतो. एक, तो घसरू देत नाही, म्हणून कमी जोर लावून वस्तू धरता येते. दुसरं, तो दाबला जातो, म्हणून सगळा भार एका सांध्यावर न येता तळहातभर पसरतो. वॉर्डात संधिवाताच्या रुग्णाचा चमचा आम्ही बँडेजच्या पट्टीने जाड करायचो, नाहीतर दांड्यावर फोमची नळी चढवायचो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कोणी भरवायला न येता आपल्या हाताने सूप प्यायचा. ज्याला महिनाभर दुसऱ्याच्या हातून जेवावं लागलं आहे, त्याला याची किंमत विचारा.

या थराचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सॅम फार्बर नावाचे स्वयंपाकाच्या वस्तूंचे व्यापारी होते. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना हाताचा संधिवात होता आणि नेहमीच्या धातूच्या सोलाण्याने सालं काढताना त्यांचे हात दुखत. फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या संस्थेकडून जाड, मऊ मुठींची भांडी-हत्यारं करून घेतली आणि १९९० साली ओक्सो गुड ग्रिप्स या नावाने बाजारात आणली. त्या मुठी सँटोप्रीन नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकच्या आहेत. अंगठा आणि बोट टेकतात तिथे माशाच्या कल्ल्यांसारख्या बारीक पट्ट्या आहेत, त्या दाबल्या की वाकतात. वस्तू आजारी हातांसाठी केली होती, पण ती सगळ्यांनाच आवडली.

कडक नमुना आणि खोटा होकार

आता नमुन्याकडे येऊ. ब्रशवरचा मऊ थर कारखान्यात असा बसतो: आधी कडक दांडा साच्यात तयार होतो, मग तो दुसऱ्या साच्यात ठेवून त्याच्यावर वितळलेलं मऊ प्लास्टिक दाबाने सोडतात. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटतात. पण असे पोलादी साचे फार महाग असतात आणि तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. वस्तू चांगली आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही, तर एवढा खर्च कोण करणार? म्हणून आधी थ्रीडी प्रिंटरवर कडक प्लास्टिकचा नमुना काढतात आणि तो लोकांच्या हातात देऊन मत विचारतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये डिझाइन शिकणारी दोन मुलं असाच एक नमुना घेऊन आली. डोळ्यांत थेंब घालायची बाटली धरण्याचं ते साधन होतं. आमच्यात काचबिंदूचे रुग्ण बरेच. काचबिंदूत डोळ्यामागच्या नसेचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. थेंब रोज वेळेवर गेले तर उरलेली दृष्टी टिकवता येते. पण बाटली इवलीशी, हात थरथरता, थेंब गालावर पडतो. म्हणून साधनाची कल्पना चांगलीच होती.

नमुना पांढरा, कडक, खडबडीत होता. एकेकाने हातात घेतला आणि सगळे म्हणाले, "बेसेदर, याफे!" आपल्या पिढीला ही सवयच आहे. परक्या देशात आलो, भाषा येत नव्हती, तेव्हा बेसेदर म्हटलं की प्रश्न मिटायचा. शिवाय समोर नातवाच्या वयाची पोरं, त्यांचं मन कोण मोडणार?

शेवटी नमुना रोह्याच्या एका मावशींकडे गेला. त्यांच्या हातातून तो दोनदा सटकला. एक मुलगा घाईने म्हणाला, "सावता, खऱ्या वस्तूवर रबर असणार आहे." मावशी त्यांच्या मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाल्या, "मग रबर लावून आण. जे हातात नाही त्याला मी आज होकार कसा देऊ?"

मुलं हुशार होती. तीन आठवड्यांनी दोन नमुने घेऊन परत आली. एकावर मऊ रंगाचा पातळ थर होता, दुसऱ्यावर दोन मिलिमीटर जाड रबरासारखं आवरण. रंगाचा नमुना मखमलीसारखा लागायचा, म्हणून आधी सगळ्यांनी तोच उचलला. पण ओल्या हाताने धरल्यावर जाड आवरणाचाच टिकला. आणि एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. बाटली दाबायची त्या जागीही आवरण जाड असल्यामुळे आपण किती दाबतो ते बोटांना कळेना, आणि एकाऐवजी दोनतीन थेंब पडू लागले. म्हणजे तळहाताकडे थर जाड हवा आणि अंगठ्याखाली पातळ. कडक नमुन्यावर "बेसेदर" म्हणून सगळे घरी गेले असते तर हे कधी बाहेर आलं असतं?

थर चढवायचे चार रस्ते

पहिला रस्ता रंगाचा. नमुन्यावर प्रिंटरच्या थरांच्या रेघा असतात, त्या आधी पॉलिशपेपरने घासून काढतात. खरखरीत कागदाने सुरुवात करून हळूहळू बारीक कागदावर यायचं. मग धूळ आणि बोटांचं तेल पुसून अस्तराचा रंग देतात आणि त्यावर मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेन रंग पातळ हातांनी फवारतात. या रंगाचा थर केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. त्यामुळे हाताला तो मऊ वाटतो, पण दाबला जात नाही. मांडणीत ठेवायला, फोटो काढायला, वस्तू दिसेल कशी हे पाहायला हा रस्ता उत्तम. पकड पारखायला मात्र अपुरा.

यावर नर्सची एक सूचना. दोन भाग मिसळून लावायच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही धाप लागते. हे काम योग्य मुखवटा आणि हवा खेचणारा पंखा असलेल्या कार्यशाळेतच करावं. घरात, मिरपेसेतवर नातवाला करू देऊ नका.

दुसरा रस्ता बुडवण्याचा. पक्कडीच्या मुठीवरचं लाल-निळं आवरण आठवा. धातूची मूठ तापवून पातळ पीव्हीसीमध्ये बुडवतात आणि मग भट्टीत पक्की करतात. प्लास्टिकचा नमुना त्या भट्टीत वितळून जाईल, म्हणून त्याच्यासाठी हवेत सुकणारं रबरी द्रव वापरतात. एक बुडी, सुकवणं, पुन्हा बुडी, असं करत थर वाढवायचा. पद्धत स्वस्त आहे, पण द्रव खाली ओघळतं, तळाशी थेंब साचतो आणि कडांवर थर पातळ राहतो.

तिसरा रस्ता ओतण्याचा. आधीच्या नमुन्याभोवती सिलिकॉन ओतून लवचिक साचा करतात, कडक भाग आत ठेवतात आणि उरलेल्या पोकळीत मऊ पॉलियुरेथेन ओततात. कारखान्यात ब्रशचं जे होतं तेच इथे हाताने, थोड्या प्रमाणात होतं. एका साच्यातून साधारण वीस-पंचवीस नग निघतात. थराची जाडी आणि मऊपणा दोन्ही आपल्याला हवं तसं ठेवता येतं. मात्र आतला भाग तेवढा बारीक करायला विसरू नये. सगळीकडून एक मिलिमीटर थर चढला तर मूठ दोन मिलिमीटर जाड होते आणि झाकण बसेनासं होतं.

चौथा रस्ता आपल्या रेहोवोतचा

चौथा रस्ता सांगताना मला जरा अभिमान वाटतो, कारण तो आपल्या इथे, रेहोवोतमध्ये तयार झाला. १९९८ साली तिथे ओब्जेट नावाची कंपनी सुरू झाली. घरी कागदावर छापणारा शाईचा प्रिंटर असतो ना, तसंच तिचं यंत्र. फक्त शाईऐवजी द्रव रेझिनचे बारीक थेंब पडतात आणि अतिनील किरणांचा दिवा ते तिथल्या तिथे घट्ट करतो. एक थर १६ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा. थरावर थर चढत वस्तू उभी राहते.

२००७ साली या कंपनीने कनेक्स नावाचं यंत्र आणलं आणि खरी गंमत तिथे झाली. ते एकाच वेळी दोन रेझिन छापू लागलं, एक कडक आणि एक रबरासारखं. म्हणजे आतला दांडा कडक आणि वरचा थर मऊ, दोन्ही एकाच वेळी, ना गोंद ना साचा. दोन्ही द्रवं कमीजास्त प्रमाणात टाकून मधले मऊपणाही मिळतात. २०१२ साली ही कंपनी अमेरिकेच्या स्ट्रॅटासिसमध्ये विलीन झाली.

मऊपणा मोजायचं मापही आहे. अल्बर्ट शोअर यांनी १९२० च्या दशकात एक छोटं यंत्र आणलं. त्याची सुई वस्तूवर दाबायची आणि ती किती रुतते ते वाचायचं. रबरासाठीच्या मापाला शोअर ए म्हणतात. रबरबँड सुमारे ३०, खोडरबर सुमारे ४०, गाडीचा टायर ६० ते ७०, बुटाची टाच ८० च्या आसपास. रेहोवोतचं यंत्र यातले साधारण २७ पासून ९५ पर्यंतचे मऊपणे छापू शकलं. म्हणजे मावशींच्या हातात एकाच आकाराचे तीन नमुने देऊन विचारता येतं की खोडरबर बरं वाटतं, टायर की टाच?

पण हे छापलेलं रबर नाजूक असतं. जास्त ताणलं तर फाटतं आणि उन्हात ठेवलं तर कालांतराने खराब होतं. ते मत घेण्यासाठी असतं, वर्षानुवर्षं वापरण्यासाठी नसतं. आणि पुरतं घट्ट न झालेलं रेझिन कातडीला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, म्हणून असा ताजा नमुना यंत्रातून काढताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

हातमोज्यांवरून माझ्या पेशातली एक गोष्ट. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिका होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायच्या औषधी द्रवाने त्यांच्या हातांची कातडी सोलून निघायची. त्यांचे सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. एका नर्सच्या दुखऱ्या हातांसाठी केलेली वस्तू पुढे जगभरच्या रुग्णालयांत गेली. (दोघांनी १८९० साली लग्नही केलं, हे मुलींना सांगायला हरकत नाही!)

रिमोट चिकट का होतो

हा प्रश्न मला पुष्कळजण विचारतात. जुना रिमोट, दुर्बीण, छत्रीची मूठ कपाटातून काढली की हाताला गुळासारखी चिकटते. ही घाण नसते. तो मऊ रंगच असतो. हवेतला दमटपणा, उष्णता आणि हाताचा घाम यांनी त्यातल्या काही प्रकारच्या पॉलियुरेथेनच्या साखळ्या तुटतात आणि थर विरघळल्यासारखा होतो. अश्दोदसारख्या समुद्रकाठच्या दमट गावात कपाट बंद राहिलं तर हे लवकर होतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

उपाय सोपा आहे. आधी बॅटरी काढा. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा आणि चोळून पूर्ण थर काढून टाका. खाली गुळगुळीत प्लास्टिक निघेल. बटणांवरची अक्षरंही पुसली जाऊ शकतात, म्हणून आधी कोपऱ्यात थोडं करून बघा. पावडर लावून चिकटपणा झाकू नका, तो परत येतो. आणि असा सुटू लागलेला थर असलेलं खेळणं लहान बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

बालमित्रांसाठी प्रयोग

मुलांनो, तीन सारखे चमचे घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याच्या दांड्यावर फुग्याचं रबर कापून चढवा. तिसऱ्यावर फोमची नळी किंवा जाड बँडेज गुंडाळा. दुसरा चमचा म्हणजे पातळ रंगाचा नमुना आणि तिसरा म्हणजे जाड आवरणाचा. आता आजीला किंवा आजोबांना डोळे मिटायला सांगा, त्यांचा हात थोडा ओला करा आणि एकेक चमचा हातात द्या. चमच्यात पाणी भरून ते वाटीपर्यंत न्यायला सांगा. कुठल्या चमच्यातून किती सांडलं ते वहीत लिहा. मग हाताला तेलाचे दोन थेंब लावून पुन्हा करा.

कोणाला रबराची ॲलर्जी असेल तर फुगा वापरू नका आणि फुग्याचे तुकडे धाकट्या भावंडांपासून लांब ठेवा. आणि एक नियम पाळा: आजी "छान आहे" म्हणाली तरी तेवढ्यावर थांबू नका. किती सांडलं ते बघा. वहीतलं उत्तर आजीच्या उत्तरापेक्षा वेगळं निघू शकतं!

कोणी नमुना घेऊन आलं तर

ज्येष्ठांनो, इस्राएलमध्ये नवनव्या वस्तू करणारे पुष्कळ आहेत. कधी कुपात खोलिममधून, कधी मोआदोनमध्ये, कधी शेजारचाच विद्यार्थी काहीतरी घेऊन दारात येईल. त्याला चहा-बिस्कीट जरूर द्या, पण होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा.

हा वरचा थर खऱ्या वस्तूवर असेल तसाच आहे का? नसेल तर तसा करून कधी आणणार? मी हे ओल्या हाताने, पाच मिनिटं सलग धरून बघू का? आणि रोज पुसल्यावर, वर्षभर वापरल्यावर हा थर टिकेल का, की चिकट होईल?

मत सांगताना नुसतं चांगलं-वाईट म्हणू नका. कुठल्या बोटाला दुखलं, कधी घसरलं, किती जोर लावावा लागला ते दाखवा. हिब्रू अडलं तर मराठीत सांगा, नातवंडं भाषांतर करतील. त्या पोरांना आपली स्तुती नको असते, आपले हात हवे असतात. ज्या हातांनी घरं उभी केली, मुलं वाढवली, त्यांना काय धरवतं आणि काय धरवत नाही हे यंत्राला कळत नाही. ते आपणच सांगायचं.

सर्वांना चांगलं आरोग्य लाभो. हात चालते राहोत.